वर्ष सरायच्या आत कढई

गुरुवार, संध्याकाळ

आज मी कढई ठेवली. हे जाऊन आठच महिने झालेत. वर्षाच्या आत घरात तळण करत नाहीत आणि मी केलं. नात मागेच लागली होती, "आजी, चायनीज बुफेतले शुगर डोनट्स, प्लीज!" मैदा भिजवला, फुगू दिला, गोळे तळले नि गरम गरमच साखरेत लोळवले. मी म्हटलं, हे तर आमचे गुलगुले, चिन्यांनी कधी पळवले?

नेमका तेव्हाच गावाहून नणंदेचा फोन.

"वहिनी, चरचर कसली येतेय?"

"एसी बिघडलाय, वन्सं."

आधी माझं मलाच हसू आलं. आता तेच टोचतंय. पाप लागेल का?

मग माझा संजू इथल्या अहमदी शहरातल्या कामावरून घरी आला. बाप गेल्यापासून हा पोरगा वाढलं ते मुकाट खातो. आज उभ्या उभ्या चार खाल्ले. मिशीला सगळी साखर.

"अरे, एका मिनिटात म्हातारा झालास की!"

तर हसला. म्हणाला, "आई, अजून आहेत?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने काहीतरी मागितलं. तेव्हापासून मला बसवेना. तीनदा ओटा पुसला. मिशीवरची ती साखर डोळ्यांपुढून हलत नाही. ह्यांना राग आला असेल का? हे तर निवायचीही वाट बघायचे नाहीत, जीभ भाजून घ्यायचे.

उद्या वन्संना खरं सांगणार. रागावल्या तर रागावू देत. पीठ मात्र मी आत्ताच भिजवून ठेवलंय.