लंगड्या गुरुजींची पत्रं

यवतमाळ

ती. शीलामावशी,

अर्पिताचा नमस्कार, तुला एक आणि तुझ्या गुडघ्याला एक. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस ना? (नाहीस. मला माहीत आहे.)

तू विचारलंस, त्या जपानी कार्टून मालिकेचा चित्रपट थेटरात लागलाय, तो तुझ्या नातवाला, ऋतिकला दाखवावा का. प्रामाणिक मत देते. चित्रं देखणी आहेत. समुद्र तर असा, की पहिल्या लाटेला आईने लुगडं सावरलं. मारामारी फार लांबते. खलनायक नवा आहे, पण त्याला शेवटी संपवतातच, कारण मालिकेत तो नाहीच. अशा चित्रपटांचा नियमच असतो: दोन तासांत काहीही होवो, मालिकेत घडून गेलेलं बदलत नाही.

आईला सोबत नेलं, ही माझी चूक. नऊ वर्षं ती ही मालिका माझ्या मोबाईलवर पाहते. खालच्या इंग्रजी ओळी मी तिला आपल्या बोलीत वाचून दाखवते (घरातल्या पहिल्या पदवीधराचा एवढा तरी उपयोग हवा). तीन वर्षांपूर्वी मालिकेतले लंगडे गुरुजी मेले. बाबांना जाऊन तेव्हा महिना झाला होता. माझ्याने ते वाचवेना. पडद्यावर चिता नव्हती, नुसती दूर जाणारी होडी होती, म्हणून मी सांगितलं, गुरुजी लांबच्या बेटावर शिकवायला गेले. मग आई दर आठवड्याला विचारायची, "आले का वं मास्तर?" शेवटी मी त्यांची पत्रंही वाचू लागले. एका पत्रात त्यांनी आपल्या तुरीची चौकशी केली. आईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

थेटरात सगळं हिंदीत होतं. पहिलंच दृश्य गुरुजींच्या समाधीचं. शिष्य रडत म्हणाला, "गुरुजी को गुज़रे तीन साल हो गए." आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटपर्यंत बसली. बसस्टँडवर चहा घेताना म्हणाली, "अजून काय काय असंच वाचलं वं तू?"

मी म्हटलं, कार्टूनच तर होतं.

"मी कार्टूनचं नाही इचारून राह्यली."

ऋतिकला जरूर दाखव. पाचपैकी तीन गुण.

तुझी,
अर्पिता

ता. क. गुडघ्याला शेक देत जा.

ता. क. आणखी एक. आईने पेटीतून बाबांच्या तपासणीचा इंग्रजी कागद काढून माझ्यापुढे ठेवलाय. तेव्हा मी तो "सूज आहे, उतरंल" असा वाचला होता. त्याच भरवशावर ती तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आली आणि तुझ्याजवळ राहिली. ती तिकडे असतानाच सातव्या दिवशी बाबा गेले. आता म्हणते, "जसं लिवलं हाये तसं वाच." मी शनिवारपर्यंत थांबायला सांगितलंय. तू ढाणकीहून सकाळच्या गाडीने ये. वाचीन मीच. तू फक्त तिच्याजवळ बस.