पिकू दे म्हणाली आत्या

३ फेब्रुवारी
वही घेऊन गावभर फिरतोय, पण लिहायचं टाळत होतो. लिहिलं की खरं होतं. तर, अण्णांना मोतीबिंदू नाय. काचबिंदू आहे. डावा डोळा जवळपास गेला, उजव्याच्या कडा गेल्यात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गेलेलं परत येत नाय, उरलेलं थेंबांनी टिकवायचं.
आणि आम्ही काय केलं? वेरूळच्या आत्याचं ऐकलं. तिचा मोतीबिंदू काढला, लख्ख दिसायला लागलं, तेव्हापासून तीच घरातली डॉक्टर. अण्णांना धूसर दिसतंय म्हटलं की फोनवर, "पिकू दे, मग काढू." आंबा आहे का? अण्णा रिक्षा चालवत राहिले. डावी बाजू घासून आणली की म्हणायचे, गर्दी लई वाढलीय.

५ फेब्रुवारी
त्या दिवशीची तपासणी डोक्यातून जाईना. मशीनमध्ये डोकं ठेवायचं, दिवा चमकला की बटण दाबायचं. अण्णा दाबेनात. वाटलं डुलकी लागली. म्हटलं, "अण्णा, दाबा की."
"दिवा लागू तर दे."
मशीनवाल्या ताईंच्या स्क्रीनवर दिसत होतं. दिवे लागत होते.
बाहेर येऊन आत्याला फोन. काय काय बोललो. आई फोन ओढत होती. शेवटी सांगितलं, सख्ख्या भावंडांनी, पोरांनी पण तपासायचं असतं, तू ये. तर म्हणे, मला सुईत दोरा ओवता येतो. आणि तिनंच आपटला फोन.

९ फेब्रुवारी
थेंबांची नवी बाटली आणायला निघालो, चिकलठाण्याला विमानं बघत बसलो, तोवर दुकान बंद.
घरी कळलं, बाटली लागतच नव्हती. अण्णांनी थेंब बंद केलेत. फरक पडत नाय म्हणे. फरक पडायला नायच ते, आहे तेवढं राहायला! लई ओरडलो. रिक्षाची चावी काढून घेतली.
आई म्हणाली, "तू दाखवलेस का तुझे?"
मला काय झालंय? मला सगळं दिसतं.
अण्णांनाही दिसतच होतं.

११ फेब्रुवारी
अण्णा चावी सोडून दुसरं बोलत नाहीत. थेंब घेत नाहीत. बॅग भरलीय, कुठंतरी जातो. डोळे त्यांचे, मी कशाला रोज...

थांबलो. आत्या आलीय. एकटी, वेरूळहून. पाणीसुद्धा घेतलं नाय. अण्णांच्या उशाशी बसली, "डोकं मागं कर" म्हणाली, आणि त्यांनी केलं. मला अजून तिच्याकडं बघवत नाय. बाटलीचं बूच लावता लावता विचारतेय, "त्या मॅडम किती वाजेपर्यंत असतात रं?"