अक्कानं पाणी प्यावं म्हणून

माय, एवढ्या वर्षांनी लिहितोय, लई उशीर झाला, रागावू नकोस. आधी लिहायला हवं होतं. पण लिहिण्यासारखं काही काम निघालं नाही, आणि नुसती खुशाली कळवावी तर तुला वाचता येत नव्हतं. आताही येत नसणार. पण तिकडं आपल्या गावची पुष्कळ माणसं गेलीत, त्यांत कोणी तरी शिकलेलं असेलच, त्याच्याकडून वाचून घे. फक्त थोरल्या काकूकडं देऊ नकोस, ती सगळ्यांना सांगत सुटेल.

घरी आम्ही दोघंच असतो, मी आणि तुझी सून. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून मला काळजी करण्याशिवाय काम उरलं नव्हतं. तू एकदा चिकलठाण्याला माझ्या खोलीवर आली होतीस, तेव्हा कारखान्याच्या भिंतीमागं ज्वारी उभी होती. आता तिथं सात-सात मजली बिल्डिंगा झाल्यात आणि सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या टाक्या. नळाला पाणी मात्र दिवसच्या दिवस येत नाही. यायचं असलं की मी ड्रमची झाकणं काढून बसतो. येईल का याची काळजी, आलं की ड्रम भरतील का याची, भरले की पाण्यात किडे होतील का याची. तुझी सून म्हणते, "काळजी करायचा पगार असता तर आपला बंगला झाला असता." पगार नाही मिळाला, पण काम मिळालं. त्याचंच सांगायचं आहे.

आमच्या कॉलनीत एका संस्थेनं माणसं गोळा केली. डॉक्टर नकोत, फार शिकलेली नकोत, आपल्या गल्लीतली आणि गावाकडची चार माणसं ओळखणारी साधी माणसं हवीत, असं म्हणाले. समाजमंदिरात बसवून आम्हाला शिकवलं. या कामाला आरोग्य सोबती म्हणतात. औषध द्यायचं नाही, रोग सांगायचा नाही. आता मोबाईलवर एकमेकांचं तोंड बघून बोलता येतं, तसा फोन लावायचा आणि माणसाला रोजच्या सवयी सुधारायला सोबत करायची. कोणाला चालायला लावायचं, कोणाची तंबाखू कमी करायची, कोणाला बीपीच्या गोळीची आठवण द्यायची. मी म्हणालो, मॅडम, मी सातवीतनं शाळा सोडली. शिकवणाऱ्या मॅडम आमच्याच कॉलनीतल्या, माझ्या डोळ्यांपुढं मोठ्या झालेल्या. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही सगळ्या कॉलनीची काळजी फुकट करताच ना? ती जरा वळणावर आणू." त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं, हुकूम करायचा नाही, विचारायचं. आणि माणूस नाही म्हणाला तर का नाही म्हणतो, ते ऐकून घ्यायचं. मला दोन्ही अवघड. कारखान्यात मी हुकूम ऐकले आणि घरात केले, विचारायची सवय कुठं लागणार. सुरुवातीला तर मला कोणाचं तोंडच दिसायचं नाही. कोणाचा कान, कोणाच्या घराचे पत्रे, एका दादांचा नुसता फिरता पंखा. मी पंख्यालाच विचारायचो, आज चाललात का? पंखा म्हणायचा, "व्हय, मारुतीपर्यंत जाऊन आलो."

मग आपल्या अक्काचं नाव आलं. फुलंब्रीच्या अलीकडं तिला तू दिलीस, तिथंच ती आहे. तिचा मुलगा रोज मोटारसायकलवर शहरात कामाला येतो, त्यानंच मला सांगितलं. तिला सारखा लघवीचा त्रास, सारखा ताप, एक मुतखडा काढला तर दुसरा तयार. डॉक्टर म्हणाले, या बाई पाणीच पीत नाहीत, किडनीवर ताण आलाय, असंच चाललं तर पुढं मशीनवर घ्यावं लागेल. मशीन म्हणजे काय ते तुला सांगत नाही, तू घाबरशील. मी घाबरलोच. काही आजारांत जास्त पाणी चालत नाही असं आम्हाला शिकवलेलं, म्हणून मी भाच्याबरोबर जाऊन डॉक्टरांना परत परत विचारलं. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, पुरे करा, आता ते तुम्हालाच तपासायला घेतील." तर अक्काला पाणी चालतं. पाणी हेच तिचं औषध आहे.

मी फोन लावला. पलीकडं फोन भाचेसुनेनं धरला होता. अक्कानं चष्म्याखालून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू मला शिकवणार व्हय रं भावड्या? तुझा शेंबूड मी पुसलाय." मी शिकवल्याप्रमाणं विचारलं, अक्का, दिवसात पाणी कधी पितेस? म्हणाली, "तहान लागली की." कधी लागते? "लागत नाय." मागून भाचेसून म्हणाली, "मामा, सकाळी चहा अन् दुपारी गोळीपुरता घोट. दिस मावळला की थेंब नाय. रातच्याला बाहेर जावं लागंल म्हणत्यात. आता संडास घरात हाय, लाइट हाय, पण कोनी सांगावं!" अक्का तिच्यावर खेकसली, "तू गप गं. टँकरचं पाणी हाय. मीच ढोसत बसले तर लेकरायला काय दिऊ?" टँकर येतो हे खरंच आहे. गेल्या काही वर्षांत त्यांचा बोअर होळीलाच आटतो. पण पिण्यापुरतं कमी पडत नाही, भाचा शहरातून येताना जार बांधून आणतो. पाणी घरात आहे, माय. ते तिच्या घशाखाली जात नाही, एवढंच.

मॅडमनी सांगितलेलं सगळं मी करून पाहिलं. जुन्या सवयीला नवी सवय बांधा म्हणतात, म्हणून चहाच्या आधी पाणी प्यायचं ठरवलं. तर तिनं चहा सोडला. मग रोज चारला माझ्याकडं दिलेल्या सगळ्या बायांना एकाच फोनवर घ्यायचं आणि सगळ्यांनी एकदम पाणी प्यायचं असं ठरवलं, सोबतीनं माणूस पितो म्हणून. बाया आपापल्या घरात तांब्या वर धरून धार तोंडात सोडतात, मी इकडं बसून सगळ्यांचे घसे बघतो. अक्काचा तांब्या वर जायचा, पण घसा हलायचा नाही. फोन बंद झाला की पाणी तुळशीला. भाचेसून मला हळूच सांगायची, "तुळस लई माजलीय, मामा." दरम्यान परत ताप आला आणि अक्काला दवाखान्यात सलाईन लावली. मी बघायला गेलो तर म्हणते, "बघ, तोंडानं प्यायची गरजच नाय." नर्स हसली. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट विचारलं, का नाही पीत, अक्का? आणि गप्प बसलो. गप्प बसणं मला जमत नाही, पण बसलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मायनं सांगितलेलं, घोट घे अन् पुढं दे." तेवढ्यावरून मला तो दिवस आठवला. तुला आठवतो का, माहीत नाही. बहात्तरच्या दुष्काळातलं खडीचं काम. ऊन चढलंय, तू दगड फोडतीयस, अक्का खडीच्या पाट्या वाहतीय, मी वाटपाच्या सरकारी सुकडीसाठी डबा घेऊन बसलोय. पाण्याची गाडी येते. बाया रांग लावतात. अक्काचा नंबर येतो, ती तांब्या तोंडाला लावते आणि पीतच राहते. वाढतं वय तिचं, सकाळपासून राबलेली. तू मागून येतेस आणि तांब्या हिसकतेस. पाणी तिच्या गळ्यावरून, पोलक्यावर सांडतं. "तुझ्या एकटीसाठी आलंय व्हय गं हे? हावरट कुठली. घोट घे अन् पुढं दे." अक्का पाटी उचलून निघून जाते. मी तिथंच असतो, म्हणून पुढचंही बघतो. तू तांब्या मागच्या बाईला देतेस, तिच्या कडेवर लेकरू असतं, आणि स्वतः एक घोटही न घेता परत दगडांकडं जातेस. तुझं चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्या वेळी दुसरं काय करणार होतीस.

हे मी अक्काला सांगितलं. तिला वाटत असेल की माय आपल्याच जिवावर उठली होती, तर मायनंही घेतलं नव्हतं हे कळलं की मन मोकळं होईल, असा माझा हिशेब. झालं उलटंच. ती कॉटवर उठून बसली. म्हणाली, "ती बिनपाण्याची दगडाकडं गेली अन् मी तांब्याभर पिऊ?" घरी गेल्यावर तिनं गोळीही चहाच्या घोटाबरोबर घ्यायला सुरुवात केली. भाचेसुनेचा फोन आला, "मामा, तुमी काय बोललात हो आत्यांना?" मी जेवलो नाही. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काका, त्या ज्यांचं ऐकतात त्यांच्याकडून वदवता येईल का बघा." त्यांना वाटलं गावातले कोणी महाराज वगैरे असतील. अक्का ऐकते ते एकाच माणसाचं, तुझं, आणि तू तिकडं.

मग मी फोन लावला आणि तोंडातून निघून गेलं, "अक्का, काल माय स्वप्नात आली होती." भाचेसुनेनं फोन तिच्या तोंडाजवळ नेला. अक्का म्हणाली, "काय म्हणाली?" मी म्हणालो, म्हणाली, पोरीला सांग, दुष्काळाचं ते दुष्काळात, आता पोटभर पी. "पोरी म्हणाली? मला?" व्हय, पोरीच म्हणाली. अक्कानं विचारलं, "लुगडं कोणतं व्हतं?" मी घाबरून म्हणालो, हिरवं. ती म्हणाली, "हिरवं तर तिच्याकडं नव्हतंच." मग तीच म्हणाली, "असू दे. तिकडं मिळालं असंल." आणि भाचेसुनेला म्हणाली, "आण गं तांब्या." फोन वाकडा झाला होता, मला नुसता तिचा गळा दिसत होता. तो हलत होता. खाली-वर, खाली-वर, बराच वेळ.

तेव्हापासून अक्का पाणी पिते. ताप परत आला नाही. परवा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा, किडनी सांभाळली जाईल. मॅडमनी सगळ्यांपुढं मला उभं केलं आणि कसं जमवलंत ते सांगा म्हणाल्या. मी म्हणालो, ऐकून घेतलं. आणखी काय सांगणार.

पण काल दुसरंच झालं. अक्कानं भाचेसुनेला बाहेर पाठवलं आणि फोन स्वतः धरला, त्यामुळं मला तिचं कुंकू आणि कपाळच दिसत होतं. म्हणाली, "भावड्या, माय परत आली तर एक विचारशील? त्या दिवशी मला चारचौघींत हावरट म्हणाली, ते मनातून म्हणाली का? का बाया बघत होत्या म्हणून? लई दिवसांपासून विचारायचं हाय." मी म्हणालो, अक्का, ते जाऊ दे. ती म्हणाली, "जाऊ कसं दिऊ? पाणी पी म्हणती, पण त्याचं काय बोलतच नाय." आणि चारला तिनं तांब्या निम्म्यावर ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "ती सांगू दे आधी."

आता मी काय करू, माय? पाण्याचं मी तुझ्या नावावर खपवलं, कारण ते डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, ते खरं होतं. हे मी कसं सांगू? तू मनातून म्हणालीस की नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? मला वाटतं नसशील म्हणाली. पण वाटणं वेगळं आणि तुझ्या तोंडचं म्हणून सांगणं वेगळं. हे खोटं ठरलं तर तिच्याजवळ मग काहीच राहणार नाही, पाणीसुद्धा नाही.

हा कागद पोस्टात टाकता येत नाही आणि तुझ्या सुनेला दाखवता येत नाही. ती म्हणेल, आता गेलेल्यांचीही काळजी सुरू झाली. म्हणून माझ्याकडंच राहील. आणखी एक सांगतो, अक्काला कळू देऊ नकोस. तू गेल्यापासून माझ्या स्वप्नात एकदाही आली नाहीस. तक्रार नाही. मी झोपतोच कमी, तुला तरी सवड कशी मिळणार. माझ्याकडं नाही आलीस तरी चालेल. दुपारी जेवण झालं की अक्का ओसरीवर जरा पडते, तिच्याकडं जा. काय असेल ते तिला सांग. रागावली होतीस तर तसं सांग, पण सांग. चारला मला तिला फोन लावायचा आहे. लवकर कळव.