दोरीवरचे शब्द

अण्णा, माझं प्रकरण पुन्हा परत आलं. पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी. करायची हौस माझीच, पण त्याचा राग मी तुमच्यावर काढणार आहे. माझी गाइड माझ्या लेकीच्या वयाची. माटुंग्याच्या कॉलेजात चार जणांसमोर तिने पानावर बोट ठेवलं. "मॅम, लालबागच्या खानावळवाल्या बायका पहाटे उठत. 'हाउएव्हर', त्या भात शिजवत. यात विरोध कुठे आहे? आणि हे 'देअरफोर' कशावरून? आधी कारणच दिलं नाहीये तुम्ही. पुढच्या आठवड्यात लास्ट डेट आहे. हे असं नाही पाठवता येणार."

तिला काय सांगू? की हे शब्द आमच्या फणसवाडीतल्या स्वयंपाकघरात टांगलेले असायचे? ऑफिसातून आल्यावर तुम्ही वाडीतल्या पोरांचं इंग्रजी घ्यायचात, तेही फुकट. ओट्यावरच्या दोरीला चिमट्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या: मोरओव्हर, हाउएव्हर, देअरफोर, नेव्हरदलेस. दर परिच्छेदाला एक चिठ्ठी ओढायची आणि तो शब्द सुरुवातीला लावायचा. वापरलेली चिठ्ठी परत टांगायची नाही. "वाक्यं सुटी पडता कामा नयेत," तुम्ही बजावताय, खाली आई आमटीला फोडणी देतेय, आणि नेव्हरदलेसला हिंगाचा वास लागतोय. अर्थ कोण विचारतो! पोरांना मार्क मिळायचे, त्यांच्या आया पेढे आणून द्यायच्या, तुमची छाती फुगायची. अहो, निबंध म्हणजे काय तोरण आहे, फट दिसली की खोच पान?

आणि एवढे जोडणारे शब्द टांगणारा माणूस घरात बोलायचा कसा, तर तुटक. मला दिल्लीत एम.ए.ला प्रवेश मिळाला ते सांगायला मी तुमच्यासमोर उभी आहे. तुम्ही चष्मा पुसताय. "जायचं नाही. चहा टाक." का, ते नाही. मी चहा टाकला. आई हळूच म्हणाली, "असेल गं काहीतरी त्यांच्या मनात." असेल! पण मनातलं मी कसं वाचायचं? तेव्हापासून मी एकेक कारण लावून बघतेय. पैसे नव्हते, मुलगी होते, लोक काय म्हणतील. एकही धड बसत नाही, आणि बसत नाही म्हणून अजून डोकं फिरतं.

कालपासून सगळे हाउएव्हर खोडतेय. जिथे कारण सापडेल तिथेच देअरफोर ठेवायचं, असं ठरवलंय. प्रकरण बरंच सुटसुटीत झालंय, वेळेत जाईल. तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र कुठे जायचं नाही, ते माझ्याच कपाटात राहील.

एकच सांगते. "तू गेलीस तर मला करमणार नाही," एवढं जरी म्हणाला असतात, तरी मी थांबले असते. आनंदाने थांबले असते. तेच कारण होतं, असं मी धरून चालते, अण्णा. पुरावा काही नाही. गाइडने लगेच खोडलं असतं. मी खोडत नाही.