भिंतीपलीकडची गार्गी

९ डिसेंबर, मंगळवार
धुकं. वैनगंगेकडून येतं आणि आमच्या गल्लीत पाहुण्यासारखं पसरतं. ऊन वर येईपर्यंत कुसुमचं घर दिसत नाही, नुसते तिचे कोंबडे ऐकू येतात.
भिंतीशी जाऊन हाक मारली, "गार्गी." शेळीनं एक कान हलवला. रवंथ चालू. मग कुसुम म्हणाली, "राणी, इकडं ये," आणि बया उठून गेली.
"नाव कधी बदललं ग?"
"बदललं नाई बाई. गार्गी म्हनाले जीभ वळत नाई माही. तुमी बी राणी म्हना, येते पाहा."
शेळी माझी. आषाढात गुडघ्यानं असहकार पुकारला तेव्हा कु.कडे अर्धलीनं दिली. सांभाळ तिचा, पिल्लं निम्मी-निम्मी, पहिली निवड माझी. नावाचं काही ठरलं नव्हतं. राहून गेलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
गारठा. बैहरहून आलेले सांगतात, तिकडे गवतावरचं दव गोठतंय. पाक्षिकाला बातमी पाठवली: जिल्ह्यात थंडीचा कडाका. मराठी मंडळाचं पाक्षिक, मी त्याची बालाघाटची वार्ताहर. दर हिवाळ्यात हीच बातमी जाते, "कडाका" आणि "हुडहुडी" आलटून पालटून. सकाळच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या बाईकडून लोकांना याहून जास्त अपेक्षाही नसते.
खरी बातमी छापता येत नाही. कु.च्या वरच्या खोलीत श्वेता भाड्यानं राहते. नागपूरची, बँकेत नोकरी, बोटं कधी रिकामी नाहीत. तिनं गार्गीला स्वेटर विणला. क्रोशाचा, नारिंगी. पोटाखाली बटणं, "म्हणजे पोटातली पिल्लं वाढतील तसा सैल करता येईल, आंटी." शेळीसकट फोटो काढले.
दोन हिवाळे मी तिला गोणपाट पांघरवत होते. तेव्हा कुणाला फोटो सुचला नव्हता.
कु.ला सुया धरायला मी शिकवलं. आज म्हणते, "क्रोशा बरा पडते बाई. दुसरा हात कोंबड्या हाकलाले मोकळा राह्यते."

१४ डिसेंबर, रविवार
कु.च्या अंगणात उन्हाची एकच जागा आहे, खुराड्याशेजारी, बाजेची पायथ्याकडची बाजू. ती माझी. आज तिथं श्वेता. मला खुर्ची आणून दिली, मान म्हणून. सावलीत.
छंदांवर गप्पा निघाल्या. कु.ची शेवंती तेलाच्या डब्यांतून फुललीय, पिवळी आणि मरून. आमच्या घरातून ह्यांचा रेडिओ खरखरत होता. सेवानिवृत्तीपासून हे जुने रेडिओ दुरुस्त करतात; दुरुस्त झाल्याचं अजून ऐकू आलेलं नाही.
श्वेता म्हणाली, "आणि आंटी, तुमची हॉबी काय? मतलब, आवडीनं काय करता?"
मी विचार करत होते, तोवर कु. म्हणाली, "बाईले दुसऱ्याच्या चुका काढाची हाबी हाय. पोरायच्या वह्या संपल्या का आमच्यावर येते."
दोघी हसल्या. मीही हसले. चूक नव्हती, त्यामुळे काढता आली नाही.
गार्गीनं श्वेताच्या मांडीवर हनुवटी टेकली होती. माझ्या मांडीवर कधी...

१५ डिसेंबर, सोमवार
षड्रिपूंत मत्सर शेवटी येतो. यादी करणाऱ्याला वाटलं असावं, आधीचे पाच आटोपले की माणसाला याच्यासाठी फुरसत मिळेल. मला मिळाली आहे.

१७ डिसेंबर, बुधवार
वारासिवनीहून नवा चिन्नोर तांदूळ आला. डबा उघडला आणि घरभर वास. पाहुण्यांसाठी आणि नैवेद्यासाठी, एरवी साधाच.
दुपारी कु. बाजारात, श्वेता बँकेत. गार्गी एकटी तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या ढिगापाशी उभी होती. मूठभर तांदूळ घेऊन भिंतीशी गेले. हाक मारली नाही, नुसती मूठ उघडली. आधी नाक फुलवलं, मग पुढचे पाय भिंतीवर. खरखरीत जिभेनं तळवा चाटून पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.
"गार्गी," मी म्हणाले. दोन्ही कान उभे.
आज उगाचच चाल हलकी. गुडघासुद्धा गप्प.

२० डिसेंबर, शनिवार
रोज दुपारी. आता मी दार उघडलं की पलीकडून आवाज येतो. आईनं दिलेला नाव कोरलेला लहान डबा त्यासाठीच ठेवलाय; मूठ अपुरी पडते.
ह्यांनी विचारलं, "दुपारी कुठं जातेस?"
"उन्हात."
"भिंतीपाशी या वेळेला सावली असते." वनखात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला, दिशा सोडत नाहीत.

२३ डिसेंबर, मंगळवार
कु. काळजीत. "राणी दुपारचा चारा नुसता हुंगते बाई. तनस टाकलं तं पाह्यत बी नाई. काहून असं करून राह्यली?"
"दिवस भरत आलेत. डोहाळे असतील," मी म्हणाले. विद्वत्तेचा हा एक फायदा, थाप मारली तरी लोक मान हलवतात.
मग बोलता बोलता कु. म्हणाली, "एक सांगू का? तुमच्या वाटनीचं पिल्लू बी माह्याकडंच राहू द्या. तुमच्या गुडघ्यानं तुमाले कुठं जमते. ही श्वेता हौसेनं करते सगळं. एक ते सांभाळन, एक मी."
"पाहू."
"पाहू काय. मायलेकी सोबत राह्यतीन."
चांगुलपणानं बोलत होती. तेच सहन होत नाही. शेळी गेली, बाजेवरची जागा गेली, आता पिल्लूही तिकडेच. माझ्याकडे उरलं काय, तर भिंत. तीही सामाईक.

२६ डिसेंबर, शुक्रवार
बोचरा वारा. काल श्वेतानं बँकेतून आणलेल्या केकचा तुकडा गार्गीला भरवला म्हणे. कु. दटावत होती, पण हसत. गार्गीच्या मिशांना क्रीम, त्याचाही फोटो.
म्हणून आज डबा काठोकाठ भरला. केकशी बरोबरी करायची तर...
भिंतीवर ठेवला आणि तिला ओंजळीनं देत होते. तेवढ्यात दारावर कुरिअरवाला. ह्यांचा कुठला तरी रेडिओचा भाग. सही करून, "हा भाग आमचा नाहीच" वगैरे ह्यांची हुज्जत ऐकून परत आले तर भिंतीवर डबा नाही. गार्गी खाली उभी, ओठ चाटत. डबा बहुधा पलीकडे पडला. वाकून पाहिलं, तणसाच्या ढिगात दिसेना. कु.च्या फाटकाचा आवाज आला, मी घरात.

२७ डिसेंबर, शनिवार
सकाळी कु.ची हाक. नेहमीची नव्हती.
गार्गीची डावी कूस ढोलासारखी फुगलेली. दात खात होती. पाय पसरून उभी, बसवेना. नारिंगी स्वेटरची बटणं तुटून पडलेली.
गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कूस वाजवून पाहिली. "दाना खाया है क्या? कच्चा अनाज?"
कु. म्हणाली, "नाही साहेब. दाना तो हमारे यहाँ मुर्गियों का है, बंद रहता है." आणि मग वर पाहून, "केक खाया परसों. इसने खिलाया."
श्वेता जिन्यात उभी होती, लोकरीची पिशवी खांद्यावर. पांढरी पडली.
डॉक्टरांना केक पटला नसावा, पण बोलले नाहीत. मी तिथं होते. मीही बोलले नाही. बेचाळिसावं सुभाषित शिकवताना मौनाची थोरवी मी फळ्यावर लिहून देते.
गोडं तेल, सोडा, वर सुई. कु. आणि मी दिवसभर तिला अंगणात फिरवत होतो, एकीच्या हातात दावं, दुसरी कूस चोळतेय. कु. मला म्हणाली, "तुमी बसा, गुडघा दुखन." नाही बसले. पोटातली पिल्लं वाचतात की नाही, डॉक्टर सांगेनात.

२९ डिसेंबर, सोमवार
गार्गी उठली. थोडं पाणी प्यायली. कान लोंबलेले.
कु. श्वेताशी बोलत नाही. वरून पोरगी उतरली की ही खुराड्यात डोकं घालते. बाजेची पायथ्याकडची जागा मोकळी होती. कु.नं हातानं थोपटून दाखवली, "या बाई."
बसले. ऊन छान होतं. कु. शेवंतीबद्दल बोलत होती, मी हुंकार देत होते. हवी ती जागा, हवी ती शेजारीण, अगदी पूर्वीसारखं.
थोड्या वेळानं ऊन लागतंय म्हणून उठले.

२ जानेवारी, शुक्रवार
श्वेता घरी आली. पहिल्यांदाच. उभ्या उभ्याच बोलली. दुसरी खोली पाहून ठेवलीय, स्टेशनच्या बाजूला. पुढच्या रविवारी सामान हलवणार.
"कुसुमकाकू बोलतच नाहीत. मी सॉरी म्हटलं ना, आंटी. एवढासा तुकडा होता." बोटाचं पेर दाखवलं. "तुम्ही तर इतकं वाचलेलं आहे. केकनं एवढं होतं?"
"शेळीचं पोट," मी म्हणाले, "नाजूक असतं."
वाक्य खरं आहे. म्हणूनच वाईट आहे.
तिनं माझ्यासाठी मफलर आणला होता. करडा. "गार्गीचा उरलेला ऑरेंज तुम्हाला नको वाटला असता." गार्गी म्हणाली ती. राणी नाही.
हे जेवताना म्हणाले, "यंदा चिन्नोर लवकर संपला." मी म्हणाले, हो. ह्यांनी ताटातला साधा भात कालवला.  त्यांना दिशा कळतात.

६ जानेवारी, मंगळवार
झाली. दोन. पहाटेच्या गारठ्यात कु.नं भिंतीवरून हाका मारल्या, मी मफलर गुंडाळून गेले.
पहिली पाठ, म्हणजे मादी, हुबेहूब आईसारखी, कपाळावर पांढरा टिळा. दुसरा बोकड, काडीसारखा, उभं राहायलाच तयार नाही. कु.नं त्याला नारिंगी स्वेटरात गुंडाळून शेकोटीजवळ धरला.
"जगेल का ग?"
"पाहू. श्वास हाय."
वरच्या गॅलरीत श्वेता. खाली यावं की नाही, असं एक पाऊल जिन्यावर. कु.नं पाहिलं. "ये" म्हणाली नाही, "जा" पण म्हणाली नाही. पोरगी आत गेली.
गार्गी पिल्लांना चाटत होती. मी जवळ बसले तर मला हुंगलं आणि पुन्हा पिल्लांकडे. बरोबर आहे.

९ जानेवारी, शुक्रवार
कु. चीक घेऊन आली. आमच्याकडे, पुढच्या दारानं. एरवी भिंतीवरून देते.
"पहिल्या दिसाचा पिल्लायलेच पुरला नाई. हा घ्या थोडा. वडी करा, साहेबायले आवडते."
डबा ओट्यावर ठेवला. स्टीलचा, लहान. झाकण नवं, तिच्या घरचं. खाली डब्यावर माझं नाव, माहेरच्या आडनावासकट, आईनं कोरून घेतलेलं.
झाकण काढलं, पुन्हा लावलं. 
"तनस उपसलं काल," कु. म्हणाली. "त्यात सापडला. तळाशी पाच-सहा दाने चिकटले होते. वास घेतला मी." पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "घासून घेतला. शेजारचा डबा रिकामा कसा आनाव."
"कुसुम,"
"निवड करून ठेवा बाई. टिळ्याची का बोकड. पहिली निवड तुमचीच, ठरलं होतं तसं." दारापाशी थांबली. "मी त्या पोरीले अजून काई नाई बोलली. मी बोलाव का, ते बी सांगा."
चपला घालून गेली. हळू नाही, जोरात नाही.
हे बाहेर आले, डबा पाहिला. "अरे वा, चीक." आणि रेडिओकडे परत.

१० जानेवारी, शनिवार
थंडी तशीच. बातमी पाठवली नाही.
वड्या जमल्या नाहीत, चीक फाटला. दोष विस्तवाचा म्हणावा तर विस्तव माझ्याच हातात होता.
डबा धुतला, पुसला. आता माझ्या घरातून तो रिकामा जाऊ शकत नाही, आणि भरावा असं घरात काही दिसत नाही. तांदूळ तर नाहीच.
बोकड आज स्वतःच्या पायांवर उभा राहिला, भिंतीवरून दिसलं. मग लगेच पडला. मग पुन्हा. टिळ्याची उड्या मारतेय. घ्यायची तर पाठच, असं तीन महिने ठरवून बसले होते.
दुपारी नेहमीच्या वेळी भिंतीशी गेले. गार्गी आली. पिल्लं सोडून आली, पुढचे पाय वर. दोन्ही तळहात तिच्यापुढे उघडले. काही नव्हतं. तरी तिनं चाटले, एक एक करून, आणि तिथंच उभी राहिली.
पलीकडे कु. खुराड्यात तणस पसरत होती. वरच्या गॅलरीत दोरीनं बांधलेली खोकी, त्यांच्यावर लोकरीची पिशवी. उद्या रविवार.
"श्वेता," मी हाक मारली.
दोनदा मारावी लागली. ती गॅलरीत आली, केस ओले, टॉवेल खांद्यावर.
"बोला ना, आंटी."
कु.नं मान वर केली नाही. पण तिचा तणसातला हात थांबला.