पंखा उलटा फिरत नाही

२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू "बरी आहे" एवढंच लिहिशील, आणि एका टपाल तिकिटात मला दोनच शब्द मिळतील. हा तोट्याचा व्यवहार आहे. म्हणून सरळ कामाचं लिहिते.

मी कॉम्प्युटर जोडला आहे.

हस, हस. कचेरीत कॉम्प्युटर येणार म्हणून ज्या बाईनं फाटकावर उभं राहून घसा फोडला, पत्रकं वाटली, साहेबाच्या गाडीपुढे ठाण मांडलं, तिच्याच जेवणाच्या टेबलावर आज तो बसला आहे आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवते आहे. पण मी भूमिका बदललेली नाही! माझा विरोध यंत्राला कधीच नव्हता, बंद खोक्याला होता. जे यंत्र माणसाला उघडता येत नाही त्याचा तो मालक नव्हे, भाडेकरू. म्हणून तयार, सीलबंद कॉम्प्युटर मी नाकारला. एकेक भाग निवडून आणला आणि स्वतःच्या हातांनी बसवला. दुकानदार म्हणाला, "आजी, जोडून देऊ का?" त्याला मी मालकी आणि परावलंबन यांतला फरक समजावून सांगितला. मागे गिऱ्हाइकांची रांग पार रस्त्यावर गेली. शेवटी त्यानं हात जोडले आणि स्क्रूंची एक पुडी फुकट दिली.

आयुष्यभराची भाषणं टाइप करून ठेवायची आहेत. कागद पिवळे पडले, काहींना वाळवी लागली. वाळवीला माझे विचार पटले असावेत, निदान पचले तरी.

तर काल उद्घाटन केलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश आले होते, तुझ्याशी बुद्धिबळात हरायचे तेच. मी छोटंसं भाषण केलं. न्यायाधीश म्हणतात छोटं नव्हतं. मग बटण दाबलं.

काही नाही. ना दिवा, ना पंखा, ना आवाज. दादा, लोकांनी माझ्यावर ओरडून झालं, चपला फेकून झाल्या, पण इतका थंड श्रोता मला जन्मात भेटला नव्हता. मी पुन्हा दाबलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, पुढची तारीख घ्या."

आता तू सांग काय करू. आयुष्यभर रेडिओ, टीव्ही आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त केलेस. फोन करत नाही, कारण वहिनी गेल्यापासून तू फोनवर फक्त "हं" म्हणतोस. "हं" ऐकून मला कुठली तार कुठे लावायची ते कळत नाही. लिहून सांग.

आणि हो, हे पत्र लिहायला मला कुणी सुचवलेलं नाही. सूनबाईशी माझं काही बोलणं झालेलं नाही. तू दिवसभर खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसतोस आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलून दिली आहेस, हे मला कसं ठाऊक असणार?

तुझी धाकटी,
तोफ
(नाव तूच ठेवलंस, आता भोग.)


११ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. "भिंतीतलं बटण चालू आहे का? डब्याच्या मागचं चालू आहे का? वीजबिल भरलंस का?" हा काय धाकट्या बहिणीला लिहायचा मजकूर झाला? मी संतापून टेबलाला तीन फेऱ्या मारल्या. बिल भरलेलं आहे. भिंतीतलं बटण चालू होतं. डब्याच्या मागच्या बटणाबद्दल मी निवेदन देणार नाही. ते आता चालू आहे, एवढंच नोंदवते. तरीही यंत्र ढिम्म.

मग तुझं दुसरं पाकीट आलं, आणि त्यात चित्र! बोर्डाच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक सुया, प्रत्येकीला नंबर, बटणाची तार कुठल्या दोन सुयांवर बसते त्याचा बाण, आणि खाली तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात सूचना: तार काढ, त्या दोन सुयांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव, यंत्र सुरू झालं तर समज की यंत्र धडधाकट आहे आणि तूच तार चुकीच्या जागी खोचली आहेस. "तूच"खाली दोन रेघा.

ते चित्र मी भिंतीवर लावलं आहे. न्यायाधीश म्हणाले, "हात अजून कापत नाही त्यांचा."

तू सांगितलंस तसं केलं. काही झालं नाही.

इकडे थंडी ओसरत आली. शेजारच्या इमारतीला रंग देताहेत. रंग इतका भडक आहे की माझ्या खोलीची भिंत दुपारभर लाजल्यासारखी दिसते.

तर आता पुढे काय तपासू? सविस्तर लिही. चित्रं काढ. घाई अजिबात नाही. जो रोग एका कार्डात बरा होतो तो रोगच नव्हे, असं माझं मत आहे. तू सूनबाईकडे आलेखाचा कागद आणि टोकदार पेन्सिल मागितलीस म्हणे, आणि रबर चांगलं नाही म्हणून तिच्यावर खेकसलास. म्हणजे असं मला वाटलं. पत्राच्या कागदावरून.

तुझी,
तोफ


२३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. हे पत्र छापील अक्षरांत कसं, असं तू विचारशील. मी न्यायाधीशांच्या घरी बसून त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप करते आहे. तो तयार, विकतचा, सीलबंद आहे. तत्त्वाला मुरड घालावी लागली, पण लढ्यात असे दिवस येतात.

तुझ्या चारही चित्रांप्रमाणे तपासणी झाली. मेमरीची पट्टी काढली, पुसली, बसवली. मोठी तार काढली, लावली. प्रोसेसरजवळची छोटी तार "खट्" वाजेपर्यंत दाबली. एकेक भाग बाजूला करून बघितला. ही तुझी पद्धत मला फार आवडली. आमच्या संघटनेत कुरबुर कोण करतं ते शोधायला हीच वापरली असती तर दोन फुटी टळल्या असत्या.

पण यंत्र सुरू होत नाही. उलट नवीच लक्षणं दिसताहेत. बटण दाबलं की पंखा अर्धा क्षण हलतो आणि उलट्या दिशेनं फिरून थांबतो. कधी कधी आतून जळकट वास येतो, कधी येत नाही. मंगळवारी जास्त येतो.

मी बरंच वाचन केलं. अशा बिघाडाला अनेक कारणं असू शकतात आणि त्यांच्या शोधाला काही महिने लागू शकतात, असं जाणकारांचं मत पडलं. तू मनाची तयारी ठेव.

बाकी, तू परवा जेवताना मुलाशी वाद घातलास असं ऐकलं. तो म्हणाला हल्ली कुणी दुरुस्त करत नाही, बदलून टाकतात, आणि तू ताटावरून उठून त्याला अर्धा तास सुनावलंस. शाब्बास! कुणाकडून ऐकलं ते सांगणार नाही. माझी माणसं सगळीकडे आहेत. ऐकल्यावर मी खुर्चीत बसून एकटीच हसले, आणि मग चष्मा काढून ठेवावा लागला.

तुझ्या पाचव्या चित्राची वाट बघते.

तुझी,
तोफ


९ मार्च

दादा,

नमस्कार. तुझं कार्ड समोर आहे. "तोफे, पंखा उलटा फिरत नाही. माणूस फिरतो. मी येत नाही. खेळ पुरे."

आयुष्यात मी मोठमोठ्या सभा फिरवल्या, पण या चार वाक्यांनी मलाच फिरवलं. तरी लिहिते. यात भाषण आलं तर तेवढं खोडून वाच.

आधी झालं ते सगळं सांगते. तू दोन सुया टेकवायला सांगितल्या होत्यास ना? त्या सकाळी मी टेकवल्या आणि पंखा फिरला. सुलट. दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली. मी एवढ्यानं ओरडले की रंगारी शिडीवरून डोकावला. यंत्र धडधाकट होतं. तार मीच चुकीच्या जागी खोचली होती. "तूच"खालच्या दोन्ही रेघा मान्य.

तुला सांगायला मी फोन उचलला. नंबर फिरवता फिरवता थांबले. तू "हं" म्हणाला असतास आणि प्रकरण मिटलं असतं. तूच दुकानात सांगायचास, दुरुस्त झालेलं यंत्र घेऊन गिऱ्हाईक जातं ते पुन्हा वळून बघत नाही. मला गिऱ्हाईक राहायचं होतं. त्याच सकाळी सूनबाईचा फोन आला होता. तू पलंगाखालून पेटी ओढलीस, झाकणावरची धूळ पुसलीस आणि पेन्सिल शोधत घरभर हिंडलास, हे तिनं मला दोनदा सांगितलं. (हो, ती मला फोन करते. पहिल्यापासून. तिला रागावू नकोस, डोकं माझं होतं.) मग मी लिहिलं, काही झालं नाही. एवढ्या छोट्या वाक्यावरूनच तुला संशय यायला हवा होता. काहीच झालं नसतं तर मी दोन पानं लिहिली असती.

छापील पत्र माझ्याच यंत्रावरचं. आणि मला काय ठाऊक, तू "गुरुवारी येतो, पेटी घेऊन, कशालाही हात लावू नकोस" असं कार्ड टाकून वर न्यायाधीशांनाही फोन करशील! म्हणे, एक चालू यंत्र शेजारी असलं की भाग अदलाबदल करून दोष नेमका सापडतो, तेव्हा तुमचा कॉम्प्युटर एक दिवस मिळेल का? त्या माणसानं जन्मात खोटी साक्ष खपवून घेतली नाही. ते काय म्हणाले ते त्यांनीच मला येऊन सांगितलं, मान खाली घालून: "मी म्हटलं, माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. मी शाईच्या पेनानं लिहितो. माझं मृत्युपत्र तेवढं तुमच्या बहिणीनं तिच्या यंत्रावर टाइप करून दिलं, फार सुबक." मग म्हणाले, "बाई, आधी सांगायचं होतंत. मी फोनच उचलला नसता."

पण हसण्यासारखं पुढेच आहे. तू येणार असं पहिलं कार्ड आलं तेव्हा मी आनंदानं खोलीभर नाचले, आणि मग टेबलाकडे लक्ष गेलं. यंत्र मस्त चालू! आता तू येऊन बघणार काय? म्हणून मी ते बिघडवायला बसले. बटणाची तार उपटली, तरी स्क्रूड्रायव्हर टेकवल्याबरोबर सुरू. मेमरीची पट्टी काढली, तरी पंखा भिरभिरतोय. दादा, इतकी निष्ठा मला एकाही कार्यकर्त्यात दिसली नाही. शेवटी सगळ्यांत मोठी तार दोन्ही हातांनी, पाय टेबलाला लावून खेचली. काहीतरी "कट्" झालं. मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी तुझं "येत नाही" आलं.

मी सगळं होतं तसं परत लावलं. तुझी चारही चित्रं समोर धरून लावलं. मागचं बटण बघितलं, भिंतीतलं बघितलं. सुयांना टोक टेकवलं. दिवा नाही, पंखा नाही, उलटा नाही, सुलटाही नाही. जळकट वासाचंही खोटं लिहिलं होतं मी, तोसुद्धा नाही. दादा, आता ते खरंच मेलं आहे. ज्याच्यासाठी इतक्या पत्रांतून ओरडले तो बिघाड आज दारात आला, आणि माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी उरलं नाही.

तू सूनबाईला म्हणालास, "माझी कीव करताय सगळे." आणि पेटी पुन्हा पलंगाखाली ढकललीस. कीव? मी कीव करणारी बाई असते तर वाटाघाटीत एवढ्या साहेबांना रडवलं असतं का? तुझ्यासाठी केलं हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं सांगायला मला जड जातंय, कारण त्याची सवय नाही.

माझं प्रत्येक भाषण आधी तुझ्या दुकानातल्या मागच्या स्टुलावर बसून मी तुम्हा दोघांना ऐकवलं आहे. वहिनी टाळ्या वाजवायची. तू उघड्या रेडिओतून मान वर न काढता म्हणायचास, "चूक." मी भांडायचे, रात्रभर फणफणायचे आणि सकाळी ते वाक्य बदलायचे. लोक ज्या वाक्यांवर उठून उभे राहिले ती सगळी तुझ्या "चूक"नंतरची आहेत. हे मी कुठल्याही व्यासपीठावर कबूल केलेलं नाही. आता भाषणं टाइप करायला बसते तर न्यायाधीश शेजारी बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. दादा, सगळं बरोबर असलेल्या घरात राहणं फार कठीण आहे रे. टाळी गेली ती गेली. तिला आपण दोघंही परत आणू शकत नाही. पण "चूक" अजून जिवंत आहे आणि खिडकीकडे पाठ करून बसलं आहे. त्याच्यावर माझा हक्क आहे. मी तो सोडणार नाही.

बघ, आलंच भाषण. खोड.

गेल्या गुरुवारची गाडी गेली. येत्या गुरुवारीही एक आहे. मी जेवणाचं टेबल तसंच ठेवलं आहे. झाकण उघडं, तारा लोंबत्या. तुझं पहिलं चित्र भिंतीवर. तुझा स्क्रूड्रायव्हर घेऊन ये, माझ्याचं टोक झिजलं. न्यायाधीशांनी पट मांडून ठेवला आहे. म्हणतात, या वेळी जिंकणार. खोटी आशा बाळगण्याची त्यांना मुभा आहे, साक्ष देण्याची नाही.

पुरावा मागशील, तर पत्राकडे पुन्हा एकदा बघ. छापील नाही. हातानं लिहिलं आहे, आणि पहिल्या पानावर जिथे शाई फिसकटली आहे ते पाणी नळाचं नव्हे.

ते मेल्यापासून कशालाही हात लावलेला नाही. तू येऊन बोलेपर्यंत मी एक शब्दही बोलणार नाही.

तुझी चुकलेली,
तोफ