रेकॉर्डवरचं हसणं

दि. ४ जून

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझी मुलगी माझ्या घरी सुखरूप आहे. जेवते, झोपते आणि स्टुडिओत माझं रक्त आटवते. तिच्या पहिल्या रेकॉर्डचं काम सुरू झालंय. गळा उत्तम आहे, कुणावर गेलीय देव जाणे, तुझ्यावर नक्की नाही. पण मुख्य गाणं काही केल्या घडत नाही.

हल्लीच्या रेकॉर्डिंगबद्दल काय सांगू. आमच्या वेळी सगळे एका खोलीत उभे राहायचे. गाणारी, पियानोवाला, ट्रम्पेटवाला, ड्रमवाला, आणि त्यांच्यासमोर कंपनीचा माणूस म्हणून मी. एक चुकला की सगळ्यांचं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सहसा कुणी चुकत नसे, आणि चुकलाच तर अशी चूक करायचा की लोकांनी तीच लक्षात ठेवावी. जॅझ म्हणजे तरी दुसरं काय. आता गाणारी काचेच्या खोलीत एकटी, कानांवर झाकणं लावून गाते. एक ओळ सोमवारी, दुसरी गुरुवारी. मग आमचा संगणकवाला दोन्हींना टाके घालतो आणि मधले श्वास धान्यातल्या खड्यांसारखे निवडून टाकतो. गाणं इतकं स्वच्छ होतं की त्यात कुणी राहतंय असं वाटतच नाही.

म्हणून मी ठरवलं की आपल्या जुन्या रेकॉर्डवरचं ते संथ गाणं तिच्याकडून जसंच्या तसं गाऊन घ्यायचं. तुला आठवत असेलच, ते आपण हॉलमध्ये लोक बसवून केलं होतं. गाण्याच्या मध्यावर ड्रमवाला एक ठोका मोकळा सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत प्रेक्षकांतली एक बाई फसकन हसते. ती बाई म्हणजे तू. त्या हसण्यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली. मला तो ठोका हवाय आणि ते हसणं हवंय. हसायला तीन नट्या बोलावून झाल्या. एक दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी हसली. दुसरीचं लक्ष सारखं आरशाकडे. तिसरीला खरंच हसू आलं, पण ते माझ्याकडे बघून, आणि भलत्या जागी.

भाची म्हणते, हसणं नको, मोकळा ठोका नको, मामा, मला माझं गाऊ दे. मी म्हटलं, आधी त्या जुन्या लोकांचं तरी येऊ दे. कंपनीनं महिनाअखेरची मुदत दिलीय. तोवर हे गाणं झालं नाही, तर रेकॉर्ड तिच्या हातून जाईल आणि दुसरी मुलगी आणतील. तेव्हा तू ये, एकदा हस, आणि पोरीला दोन शब्द सुनाव.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो येऊन दाखवावा.
तुझा,
दादा


दि. ८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि. एवढं शाळेत शिकले, पुढचं माझ्या मनचं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी लाँड्रीत, हॉटेलच्या चादरींत गळ्यापर्यंत बुडाले होते. धुण्याचं मोठं यंत्र बसलंय, हे त्याच्या पोटात डोकं खुपसून पडलेत, वाफेनं भिंतींना घाम फुटलाय, आणि माझा भाऊ लिहितो की ये आणि हस. मी काय नळ आहे, पिळला की सुरू?

पोरीचा फोन आला होता. रडत नव्हती, तेच वाईट. ती रडत असली की समजावं, अजून भांडणार आहे. गप्प झाली की कारभार आटोपला. मामा म्हणतो इथे थांब, मामा म्हणतो तिथे वळ, असं सांगता सांगता शेवटी म्हणाली, आई, मी इस्त्री करायला परत येऊ का. दादा, ह्या पोरीनं दुकानात कधी एक रुमाल धड घडी केला नाही. दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या जाळल्यात. तिनं परत यावं असं मला वाटत नाही, आणि गिऱ्हाइकांना तर मुळीच वाटत नाही. तिला गाणंच जमतं, आणि तूच तिला लहानपणी खांद्यावर बसवून ती काळी तबकडी ऐकवलीस. आता निस्तर.

तुझं ते श्वासांचं मला पटलं. संगणकवाल्याला माझा निरोप दे की सुरकुती काढावी, कापड काढू नये. पण तू तरी काय वेगळं करतोयस? तो नुसता श्वास काढतो, तू अख्खी पोरच काढून टाकतोयस. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाईचा झगा हिच्या अंगावर चढवायचा आणि खांद्यात बसत नाही म्हणून हिलाच बोलायचं.

आणखी एक. मी तेव्हा का हसले, हे तू सगळ्या जगाला सांगत फिरलास, पण मला कधी विचारलं नाहीस. आताही विचारू नकोस. सुखात आहेस, तसाच राहा.

वहिनीला सांग, पोरीला ओरडून वाढ, तशी खाते.
तुझी,
टिटवी


दि. १२ जून

चि. टिटवीस,
आशीर्वाद वि. वि. (आज उत्तम वगैरे काही नाहीत.)

तू का हसलीस, हे मला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी यावर व्याख्यानं दिली आहेत. ड्रमवाल्यानं तो ठोका मुद्दाम सोडला. ऐकणाऱ्याच्या पायाखालची पायरी काढून घेतली. पाय अधांतरी गेला की माणूस दचकतो आणि दचकला की हसतो. तुला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तर तुझं हसणं अस्सल. मी ड्रमवाल्याला नंतर विचारलंही होतं. तो म्हणाला, आतून आलं. तेवढं एक वाक्य मी आयुष्यभर नव्या लोकांना शिकवत आलोय.

इकडची बातमी बरी नाही. काल भाचीनं कानांवरची झाकणं काढून टेबलावर ठेवली आणि स्टुडिओतून चालती झाली. घरी आली, पण खोलीचं दार लावून बसलीय. तुझ्या वहिनीनं दाराशी ओरडून पाहिलं, उपयोग झाला नाही. कंपनीच्या साहेबांनी मला बोलावून दुसऱ्या मुलीचा आवाज ऐकवला. गोड आहे. साबणासारखा.

मला ही रेकॉर्ड आपल्या पोरीचीच व्हायला हवी आहे, हे तुला पटत नसेल तर नको पटू दे. येत्या शनिवारी सगळे वाद्यवाले जमतील. ये.

लोभ असावा, निदान शनिवारपर्यंत.
दादा


दि. १८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आले, आणि तोंड घेऊन परत गेले. तू मला उंच स्टुलावर बसवलंस, नाकापुढे माइक लावलास, आणि संगणकवाल्यानं काचेपलीकडून बोट दाखवलं की मी हसायचं. माझ्या तोंडून जे निघालं त्याला हसणं म्हणत नाहीत. आमचं यंत्र बसायच्या आधी तसंच बोलत होतं.

त्याचं मला काही वाटलं नाही. पण काचेआड, तू खोलीतून ओढून आणलेली पोर उभी होती. ही लहानपणी सूर लागला की टाचा उचलायची, आठवतं? मी सांगायचे, खाली उतर, उडशील. परवा तिच्या टाचा जमिनीला शिवल्यासारख्या होत्या. माझ्याकडे पाहून तिनं मान हलवली, रस्त्यात ओळखीच्या बाईला हलवतात तशी. तेव्हाच मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. तुझी शोभा झाली तर झाली. खाली बस आणि मग वाच.

रेकॉर्डिंगच्या दुपारी तू आमच्या दुकानात धावत आलास. तुझ्या शर्टावर चहा सांडला होता. मी वाफेत होते, ह्यांनी मान वर केली नाही. तू फळीवरचा वरचा शर्ट ओढलास, आत जाऊन घातलास, वर कोट चढवलास आणि गेलास. आम्हाला तोंड उघडू दिलंस तर ना. तो शर्ट गिऱ्हाइकाचा होता. आणि गिऱ्हाईक होतं तुमचा ड्रमवाला. तूच त्याला आमच्याकडे पाठवला होतास, घरचं दुकान म्हणून.

संध्याकाळी हॉलमध्ये मी आणि हे पहिल्या रांगेत. दिव्यांनी उकडायला लागलं, म्हणून संथ गाण्याआधी तू कोट काढलास आणि आमच्याकडे पाठ करून वाद्यवाल्यांपुढे उभा राहिलास. डोळे नक्की मिटलेले असणार, हात हवेत, जणू सगळं तुझ्यामुळेच वाजतंय. आणि मागे कॉलरला आमच्या दुकानाची खुणेची चिठ्ठी, टाचणीसकट. तू हात हलवलास की ती डुलायची. तालात, दादा. ह्यांनी माझा हात दाबून धरला. मी ओठ चावून निम्मं गाणं निभावलं.

मग ड्रमवाल्यानं मान वर केली. आधी तुझं तोंड पाहिलं, मग तुझा खिसा पाहिला. त्या पट्ट्यापट्ट्यांच्या खिशाला मी दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं रफू केलं होतं, त्यावरून तो आधी माझ्याशी भांडून गेला होता. त्यानं ओळखला. काठी वरच्या वर राहिली. तोच तुझा मोकळा ठोका. त्याचा चेहरा असा झाला, की आपल्याच घराचं दार वाजवावं आणि परक्यानं उघडून विचारावं, कोण पाहिजे. मग मला आवरेना.

तू तेव्हा सहा महिने माझ्याशी अबोला धरलास. मग जाणकारांनी लिहिलं, तू फुगलास, आणि सांगायची वेळ गेली. माणूस इतक्या आवडीनं जेवत असला तर मीठ कमी आहे हे कशाला सांगा. पण आता पोरीच्या ताटाचा प्रश्न आहे. उसन्या शर्टाची नक्कल करायला मी तिला तुझ्याकडे धाडलं नाही. तिला तिचं गाऊ दे. नाही तर पेपरात गाण्यांवर लिहिणारे एक गृहस्थ आमच्याकडे पँट टाकतात, त्यांना ही गोष्ट घडी घालून देईन.

राग आला तर येऊ दे, लोभाचं नंतर बघू.
टिटवी


दि. २९ जून

चि. टिटवीस,
आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तुझी वहिनी म्हणाली, घर किती छान वाटतंय.

मग त्या म्हाताऱ्या ड्रमवाल्याला फोन केला. तो ठोका नक्की कसा सुटला, असं विचारलं. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, आतून आलं. मी म्हटलं, शर्ट कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं रफू केला होता. पलीकडे त्यानं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, तांबड्या, आणि तुझ्या बहिणीला सांग, अजून राग आहे.

परवा स्टुडिओ मिळण्याचा शेवटचा दिवस होता. मी सगळ्यांना काचेच्या खोल्यांतून बाहेर काढलं, जुन्या पद्धतीनं एका खोलीत उभं केलं. भाची आली, पण हाताची घडी घालून. चुकलो असं म्हणायची सवय नाही. शेवटी खिशातून तुझं पत्र काढलं आणि सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं. ट्रम्पेटवाला जमिनीवर बसला. पियानोवाल्यानं डोळे पुसले. भाची एवढी हसली की उचकी लागली, तिला पाणी पाजावं लागलं. मी मात्र हसलो नाही. मला अजून झोंबत होतं. मी एवढंच म्हटलं, की आता तुझं गा, मी नुसता उभा राहतो.

टिटवे, ती गायली. आमच्या त्या संथ गाण्याला तिनं चालायला लावलं. जिथे मोकळा ठोका यायचा तिथून ती न थांबता निघून गेली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं होतं ती जागा गेली की मला दुखेल. नाही दुखलं. तिच्या टाचा वर होत्या. आणि शेवटच्या ओळीच्या आधी, सूर लांबवत असतानाच, तिनं माझ्याकडे पाहिलं, हात सावकाश मानेमागे नेला आणि स्वतःच्या कॉलरची टाचणी काढल्यासारखं केलं.

मी हसलो. ज्यानं उभ्या आयुष्यात रेकॉर्डिंगमध्ये कुणाला खोकू दिलं नाही, तो मी, खोकल्यासारखा, बदकासारखा, पोट धरून हसलो. ती थांबली नाही, माझ्या हसण्यावरून ओळ संपवली. मी म्हटलं, माझ्यामुळे टेक वाया गेला, पुन्हा घेऊ. भाची म्हणाली, पुन्हा बिन्हा काही नाही. संगणकवाल्यानं यंत्रावरचे हात वर केले आणि म्हणाला, ह्यातलं मी काहीच काढणार नाही, श्वाससुद्धा.

साहेबांनी ऐकलं आणि विचारलं, हे गाढव कोण. भाचीनं सांगितलं, माझा मामा. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. रेकॉर्ड आपल्या पोरीची राहिली.

मेहुण्यांना साष्टांग, हात दाबून धरल्याबद्दल.
लोभ कर, मी काही मागायच्या लायकीचा उरलो नाही.
दादा


दि. २ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रेकॉर्ड आली. दुकानात दिवसभर लावून ठेवली. यंत्राच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून ह्यांनी यंत्रच बंद केलं. हा माणूस माझ्या बाळंतपणातसुद्धा यंत्र बंद करून आला नव्हता. गाणं संपल्यावर म्हणाले, पोर श्वास घेते ते ऐकू येतं. मग पुन्हा चादरींकडे गेले, पाठ करून. तू मात्र घोड्यासारखा हसतोस, हे जगाला एकदा कळायलाच हवं होतं.

ते पेपरवाले गृहस्थ पँट न्यायला आले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं की शेवटी येणारं ते पुरुषाचं हसणं फार खोल आहे, त्यात एक अख्खी पिढी निरोप घेते. मी म्हटलं, असेल. त्यांच्या पँटवर डाग राहिला होता, तेवढा दाखवला.

पोर गेल्या आठवड्यात येऊन गेली. एक रुमाल घडी केलान, तो मी नंतर उलगडून पुन्हा केला. तिला सांगू नकोस.

तू तिला पोहोचवायला आलास तेव्हा एक शर्ट इथेच विसरलास. धुऊन, इस्त्री करून सोबत पाठवतेय. खुणेची चिठ्ठी काढलेली नाही. पुढच्या रेकॉर्डिंगला असाच घाल.

लोभ होताच, आता त्याला घडी पडली म्हणायची.
तुझी,
टिटवी